नाण्याची फट

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटल्यावर
मी भरमूच्या आरीला धार लावून दिली.
बदल्यात त्याने फणसाची फळी दिली,
खानापूरकडची, अजून जरा ओली.
म्हणाला, महिनाभर थांब, नाहीतर पिळेल.
थांबलो नाही. पिळली.

दुसरी विकत आणली.

बोर्ड एवढासा, तळहातावर मावतो,
आणि त्यात वडगावच्या पार्लरमधली सगळी मशिनं
आम्ही तीच, आम्ही तीच, म्हणत बसलेली.
जुन्या पेटीत पिक्चर ट्यूब होती,
चौघांशिवाय जागची हलत नसे.
ही पोरांनी दांडा ओढला की टेबलावरून घसरते.
म्हणून तळाशी फाउंड्रीतलं फसलेलं ओतीव बसवलं,
अकरा किलो, चार बोल्ट मारून.

बटणांची भोकं अठ्ठावीस मिलिमीटर, व्हर्नियर लावून.
डावीकडचं एक अर्ध्या मिलिमीटरने चुकलंय.
कुणाला कळणार नाही.
मला रोज कळतं.

नाण्याला फट कशाला, पोरगा विचारतो,
पैसे लागतच नाहीत की आता.
तरी कापली. मागे कुंद्याचा रिकामा डबा ठेवला.

रविवारी मल्लव्वा आली.
पार्लरच्या गल्ल्यावर बसायची ती,
चिल्लर मोजता मोजता आम्हाला शिव्या द्यायची,
अर्ध्या कानडीत, उरलेल्या आमच्यात.
पडद्याकडे तिने बघितलंच नाही.
कनवटीचा रुपया काढून फटीत सोडला,
कान पेटीला लावला.

डब्यात खण्ण.

"खोटा नाही," म्हणाली,
आणि रुपया परत मागायला
हात पुढे केला.