दोन कठडे

पुलाच्या या टोकाला माझं माहेर,
त्या टोकाला, वाडीत, सासर.
मधलं अंतर चालत आठ मिनिटं.
पण होड्यांच्या शर्यतीदिवशी आयर्विनवर
लोक आधी तोंड बघतात,
मग पाय टेकायला जागा देतात.
"कुणाकडची गं तू?"

माझ्या बापानं, पांडबा आंबीनं,
एकोणीस वर्षं पिवळ्या होडीचं सुकाणू धरलं.
शर्यतीच्या पहाटे नाळेला हळद फासायचा,
मार्केट यार्डात पोत्यातनं सांडलेली, फुकटची.
म्हणायचा, "ह्या वासानं मगरसुद्धा वाट देती."
मगरीला कुणी विचारलं नाही.
पण अकरा ढाली घरात आल्या.
त्यातल्या एकीनं आई पाण्याचा रांजण झाकायची.

मग मला दिलं निळ्यांच्यात.
बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी पोहे संपवले,
बशी खाली ठेवली
आणि बापाला म्हणाले,
"चौऱ्याऐंशीला तुमच्या वल्ह्यानं आमची होडी अडवली."
बाप म्हणाला, "पाण्याला ओढ होती."
"ओढ होती?"
"होती."
लग्न ठरलं.
ती तक्रार मात्र अजून मिटलेली नाही.

सत्तावीस वर्षं निळ्यांचं खाते.
निळा झेंडा मीच शिवते,
दुहेरी टीप मारून,
पिवळ्यांच्या आधी फाटू नये म्हणून.
तरी ऑगस्टात पाणी चढायला लागलं,
जो तो फोनवर "आयर्विनला किती फूट?" विचारू लागला,
की माझा मनातल्या मनात वेगळाच हिशेब:
एवढ्या ओढीत बाप होडी कुठनं काढायचा,
तिसऱ्या कमानीतनं
की चौथ्या.

यंदा दोन्ही होड्या चौथ्या कमानीशी जोडीनं आल्या.
पिवळीच्या सुकाणूवर माझा भाऊ, रावसो.
निळीत तिसऱ्या वल्ह्यावर माझा सुयश.
मामा-भाचे. जोर लावताना
दोघांचीही मान डावीकडं कलते,
बापाची कलायची तशी.

होड्या पुलाखाली गेल्या
आणि अख्खा पूल पळत सुटला,
भडंगवाला पाटी डोक्यावर धरून,
शाळेचे मास्तर, बंदोबस्ताचा पोलीस,
काखेत पोरं मारलेल्या बाया,
वरच्या कठड्याकडनं खालच्या कठड्याकडं.
मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.
चपलेचा अंगठा तुटला होता,
असं मी नंतर सांगितलं.

पायाखाली डांबर, डांबराखाली दगड,
दगडाखाली वल्ह्यांचा आवाज
कमानीत घुमून एकच झालेला.
सहा-सात दणके असतील.
निळा कुठला, पिवळा कुठला, कळंना.
आणि कळून घ्यायची घाईही नव्हती,
जन्मात पहिल्यांदा.
"ओढ!" मी ओरडले.
नाव कुणाचंच घेतलं नाही.

मग खालच्या कठड्यावर गलका उठला.
त्यातल्या शिव्या कुणाच्या, हे ऐकूनच समजलं
मागं कोण पडलं ते.

रात्री घरात कुणी बोलेना.
सासरे भिंतीकडं तोंड करून निजले.
"चौऱ्याऐंशी," एवढंच म्हणाले, भिंतीला.
सुयशच्या तळव्यांचे फोड फुटलेले.
मी तेल कोमट केलं, त्यात चिमूट टाकली,
तर त्यानं हात मागं घेतला.
"हळद नको. दुसरं काय तर लाव."
"दुसरं काय नाही घरात."
"आई, पिवळं नको म्हटलं ना."

झोपल्यावर लावली.

सकाळी त्यानं हात साबणानं धुतले, दोनदा,
जखमा झोंबत असताना.
रंग तसाच.
त्याच्या आधी, तो उठायच्या आधी,
रावसोचा फोन येऊन गेला होता:
"पोराला वल्ह्यावर कशाला वाया घालवताय,
सुकाणू द्या त्याच्या हातात."
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.