बाळहिरडा

झाड बांधावर होतं.
अर्धी सावली आमच्या खाचरात, अर्धी धावजी गवारीच्या.
चैतात हिरडा कुणाच्या पाटीत पडायचा
हे काही सावली ठरवत नव्हती.

पहिली बैठक देवीच्या ओट्यावर.
बापाकडे शपथ होती,
आज्यानं रोप जगवल्याची गोष्ट होती,
खोडावर कोयत्याची खूण होती.
धावजीकडे जावई होते. चार.
एक फॉरेस्टात वॉचमन, एक पोलीस पाटलाचा भाचा.
पंचांनी खूण पाहिली नाही,
मागं कोण कोण बसलंय ते पाहिलं.
चिमाजी आसवले म्हणाला, गावकी काय म्हणते?
गावकी सुपारी कातरत होती.

रात्री भाकरी थापताना आई एवढंच बोलली,
आपल्या बाजूला चपला कमी पडल्या.

भादव्यात चिमाजीच्या धाकट्यासाठी मला मागणी आली.
म्हणजे आली नाही, आणवली.
मामा दोनदा कोंबडा घेऊन जाऊन आला होता.
पोरीला अठरा पुरी आहेत ना,
हे चिमाजीनं दोनदा विचारलं.
पंच होता, कायदा पाळायचा.

दुसरी बैठक माघात. तोच ओटा, तीच खूण.
या खेपेला ती सगळ्यांना दिसली.
एकानं बोट फिरवून पाहिलं,
म्हणाला, जुनीच आहे हो, म्हाताऱ्याच्या हातची.
धावजीचे दोन जावई आलेच नाहीत.
झाड आमचं झालं.
मी सासरच्या बायकांत बसले होते.
हसावं तर कुणाकडून, कळेना.

आज नऊ वर्षांनी घोडेगावहून पहाटेची एसटी,
आणि शिवाजीनगरच्या कोर्टात पोटगीची तारीख.
वकीलबाई विचारते, माहेरचं कुणी येईल साक्षीला?
भावाला फोन लावला.
पलीकडे पाटी ओतल्याचा खडखडाट.
तो म्हणाला, आलो असतो गं, पण हंगाम आहे.
थोडा थांबला.
आणि तुझा सासरा अजून पंचात आहे.

नवऱ्याच्या बाजूला अकरा जण.
इथं चपला बाहेर काढत नाहीत,
तरी मी मोजल्या.
माझ्या शेजारी बाकावर जागा आहे, तिथं पिशवी ठेवलीय.
कुणी बसू का म्हटलं की उचलते.

कागद शोधताना पिशवीतून सुके हिरडे सांडले,
आईनं खोकल्यावर दिलेले.
वकीलबाई म्हणाली, हे काय, पुराव्याला लावायचंय?
नाही म्हटलं.
एक दाढेखाली धरला
आणि नाव पुकारेपर्यंत
तसाच तुरट ठेवला.