समासात

सबनीस मॅडमनी समासात लाल शाईनं
एकच शब्द लिहिला, सात वेळा:
कशावरून?

मी लिहिलं होतं, विश्वामित्रीतल्या मगरी
शहराबाहेर न्याव्यात. सगळे असंच म्हणतात.

मांडवीच्या लायब्ररीत काचेची जमीन;
वर कुणी चाललं की पानावर तळव्यांची सावली.
जुनी वर्तमानपत्रं उलटून बोटं काळी झाली.
मग नदीकाठच्या जेसंगकाकांना विचारलं,
त्यांचं पारडू मगरीनंच नेलेलं.
ते म्हणाले, "मगर तो अहीं ज हती.
आपणे आव्या."

हे संदर्भसूचीत कसं लिहायचं?
मुलाखत, तारीख, शेणाचे हात.
मथळा खोडला.

रात्री जेवताना बाबा म्हणाले,
"पलीकडच्या वस्तीतले सगळे चोर."
तो लाल शब्द माझ्या तोंडून निघून गेला.

आई म्हणाली, "आमटी वाढू?"