चाळीस हजार

हिलालला उचलल्याचा फोन आला तेव्हा
मी कापडण्याच्या एका सबमर्सिबलमध्ये तार भरत होतो.
फोन ठेवला. वेढे बत्तीस झाले होते की तेहतीस,
आठवेना.
सगळं तांबं परत उलगडलं.

पूर्वी तीनशे दोन म्हणायचे,
चहाच्या पोरालाही कळायचं.
आता म्हणे एकशे तीन.
आकडा उतरला, फी नाही उतरली.

पहिल्या वकिलाकडे चपला बाहेर काढायच्या होत्या.
जामिनापर्यंत दीड लाख, पुढचं पुढे.
कागद आणलेत, म्हणालो.
कागद नंतर बघू.
दुसरा सत्तर म्हणाला,
आणि जिन्यापर्यंत सोडायला आला, तिथे साठ.
तिसरा वकील नव्हताच, वकिलाचा माणूस होता.
माझ्या पैशाने भजी खाल्ली
आणि माझ्याच एफआयआरला बोटं पुसली.

सगळे विचारायचे, तू त्याचा कोण?
मित्र.
की पेन थांबायचं.
भाऊ, सासरा, मेहुणा म्हटलं की मागे
बिघाभर जमीन तरी दिसते.
मित्राच्या मागे काय दिसणार?
वाइंडिंगचं एक मशीन,
आणि न लागलेली भिशी.

धुळ्याच्या कोर्टात मागल्या बाजूला, मुतारीच्या वासात
एक खोली आहे.
गरजूंना मोफत, या पाटीवरचा ‘मो’ उडालाय.
तीनदा तिच्यावरून गेलो होतो.
फुकटचा वकील म्हणजे फुकटची फाशी,
असं वर्कशॉपात सगळे म्हणतात,
मीही म्हणायचो.

तिथे वळवी मॅडम. नवापूरकडच्या.
डबा उघडला होता, तो झाकला,
आणि हात पुढे केला: कागद.
दोनशे चौदा पानं. झेरॉक्सचे चारशे अठ्ठावीस.
एवढाच खर्च, म्हणाल्या.
मग पेन्सिल घेऊन वाचायला लागल्या,
जशी माझी आई गहू निवडायची, घाई न करता.

एकसष्टाव्या पानावर थांबल्या.
साक्षीदाराने ट्यूबच्या उजेडात ओळखलं म्हणतो.
त्या रात्री ढाब्यावर लाइट होती?

त्या फीडरवरच्या तीन मोटारी
दुसऱ्या दिवशी सकाळी जळून आल्या होत्या माझ्याकडे.
लाइट गेली होती. दोनदा.
किती वाजता?
ते मोटार सांगत नाही.
बिलबुक आणा.
पण ढाब्याला इन्व्हर्टर असेल तर?
असेल, म्हणाल्या,
आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढलं.

त्याने केलं का, हे त्यांनी विचारलं नाही.
मीही विचारलेलं नाही अजून.
पंचवीस वर्षांत हिलाल माझ्याशी खोटं बोललेला नाही,
भीती तीच आहे.

मुलाकतीला जाळीपलीकडून त्याने पहिलं तेच काढलं.
वकील लागना का?
लागला. बाई आहे. हुशार आहे.
कितला लेस ती?

फुकट म्हणालो असतो
तर तिथेच खाली बसला असता.
तोही वर्कशॉपातलाच.

चाळीस हजार, म्हणालो.

त्याने मान खाली घातली, बोटांवर काहीतरी मोजलं.
मग खांदे जरा सरळ झाले.
बाहेर उनू का पहिलं तुनं फेडसू, म्हणाला.
फेडशील रे, म्हणालो.

आता दर मुलाकतीला विचारतो, कितलं ऱ्हायनं?
पहिल्यांदा म्हणालो, पाच दिले.
मागल्या खेपेला, अजून दोन.
घरी येऊन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतो,
चुकायला नको.

नसलेलं कर्ज फेडत चाललोय,
थोडं थोडं, हात राखून.
खटला निघायच्या आत
फिटायला नको.