इतिवृत्त, बैठक क्रमांक सत्तेचाळीस

स्थळ: ओउलू, तिसरा मजला, समुद्राकडची खोली.
समुद्र गोठलेला. बाहेर उणे एकतीस.
हजर: आठ. गेल्या वेळी नऊ होतो.
लेखनिक: मी, कैसू.
जे बोललं जाईल ते लिहायचं, एवढंच माझं काम.
पूर्वी सोपं होतं. आमच्याकडे माणसं
बोलतातच किती?
तौनो तर एका हिवाळ्यात अकरा वाक्यं बोलतो,
त्यातली चार सर्व्हरशी.

मागील बैठकांचा गोषवारा:

हेलसिंकीहून सांतेरी आला.
उपाध्यक्ष, परिवर्तन.
कशातून कशात, ते विचारायचं राहून गेलं.

म्हणाला, "आधी सगळे अलाइन होऊ."
आम्ही खुर्च्या सरळ केल्या.
म्हणाला, "लो-हँगिंग फ्रूट पहिल्यांदा तोडू."
हिल्प्पानं खिडकीबाहेर पाहिलं.
बर्चची उघडी झाडं,
एका फांदीवर कावळा, थंडीनं दुप्पट फुगलेला.
"जुलैपर्यंत थांबावं लागेल," ती म्हणाली,
"आणि तेव्हाही बेरीच. वाकून खुडाव्या लागतात."
मी लिहिलं: फळांचा विषय जुलैपर्यंत तहकूब.

"या प्रश्नात डीप डाइव्ह मारायला हवी."
हे मात्र तौनोला लगेच कळलं.
खाली जाऊन गाडीतून
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन आला,
खांद्यावर टॉवेल.
"किती जण?"
हे त्याचं या हिवाळ्यातलं पाचवं वाक्य.

"सुई हलली पाहिजे! काय केलं तर सुई हलेल?"
आम्ही घरं उबदार ठेवणाऱ्या मीटरांचं सॉफ्टवेअर करतो.
सुई हलली की म्हाताऱ्या बायका फोन करून
आमच्या आईबापांची चौकशी करतात.
सुई न हलणं, हाच आमचा धंदा.

सिनर्जी. इकोसिस्टिम. होलिस्टिक. एंड-टू-एंड.
शेंडा नाही, बुडखा नाही,
तरी एंड-टू-एंड.

मी लिहीत गेले. वही भरली.
आईनं जन्मभर मासे खारवले,
तिच्या बोलण्यात मासा म्हणजे मासा
आणि मीठ म्हणजे मीठ.
तिनं विचारलं, "एवढी पानं! ठरलं काय?"
म्हटलं, "पुन्हा भेटायचं ठरलं."

बैठक क्रमांक सेहेचाळीस.
"काही सहकाऱ्यांच्या प्रवासाला आपण
नवी दिशा देत आहोत."
हिल्प्पा म्हणाली, "म्हणजे मला काढलं?"
"मी ते तसं फ्रेम करणार नाही."
टेबलावर तिच्या जुळ्या मुलांचा फोटो होता,
फ्रेम केलेला.
तो काखेत मारून ती निघाली.
दार आपटलं नाही. आमच्याकडे आपटत नाहीत.

पारा तिसाच्या खाली गेला की आकडा उलटतो का,
हे रोज रात्री तपासणारी ती एकटीच होती.
हे कुठल्याच स्लाइडवर नव्हतं.

आजचं कामकाज:

नऊ वाजून दहा मिनिटांनी आकडा उलटला.
आमच्याच मीटरला वाटलं, बाहेर उन्हाळा आहे.
आमच्याच इमारतीचं हीटिंग त्यानं बंद केलं.
सव्वादहाला कॉफीवर साय धरावी तसा बर्फ.
सांतेरी बोलायला उभा राहिला,
"आपल्यासमोर एक रोमांचक…"
आणि तोंडातून वाफ आली.
सात महिने येतच होती,
आज डोळ्यांना दिसली, एवढंच.
त्यानंही पाहिली.
थोडा वेळ गप्प उभा राहिला, आमच्यासारखा.

मग म्हणाला,
"मला थंडी वाजतेय. हिल्प्पाचा नंबर कोणाकडे आहे?"

सात शब्द. जसेच्या तसे लिहिले.
एकही खोडावा लागला नाही.
तौनोनं आपली कानटोपी काढून
न बोलता त्याच्या डोक्यावर बसवली.

फोन स्पीकरवर होता. मागे मुलांचा दंगा,
कढईत काहीतरी चुरचुरत होतं.
हिल्प्पानं सगळं नीट ऐकून घेतलं.
म्हणाली,
"सध्या माझ्याकडे बँडविड्थ नाही.
पुढच्या तिमाहीत सर्कल बॅक करू."

निर्णय: कोट घालून बसणे.