हललेला फोटो

लॉजच्या खोलीत प्लग एकच,
म्हणून बॅटऱ्या रात्रभर पाळीपाळीने जेवतात
आणि मी दर दीड तासाने उठून वाढते.
चौदा महिन्यांत सत्त्याऐंशी खोल्या.
दिव्याचं बटण दाराच्या कुठल्या अंगाला
हे अंधारात अजून चुकतं.

कोल्हापूरला नोव्हेंबरात आले.
मासिकाची यादी ठरलेली:
चपला, तांबडा रस्सा, तालमीतली माती, गूळ.
"वाफ हवी," फोनवर म्हणाले, "भरपूर वाफ."

गुऱ्हाळ वडणग्याच्या पुढे, उसाच्या मधोमध.
आत शिरल्याबरोबर लेन्स आंधळी.
थांबावं लागतं, काचेला तिथली ऊब लागेपर्यंत.
हे दर वेळी ठाऊक असतं
आणि दर वेळी मी पुसत बसते.

गुळव्याने पाकाचा थेंब पाण्यात सोडला,
बोटांनी गोळी वळली,
भांड्यावर वाजवून ऐकली,
आणि चौघांनी दांडी घालून
काहिल वाफ्यावर उलटी केली.
क्षणभर मागंपुढं झालं तर अख्खी आधण वाया.
माझंही असंच असतं, मी म्हणणार होते,
तेवढ्यात तो म्हणाला,
"ताई, तुम्ही मागं आलतासा.
हीच तांबडी बॅग.
आमच्या सर्जेरावाचा फोटो काढलासा न्हवं.
धाडते म्हणालासा."

मी सगळ्यांनाच म्हणते.
माजुलीच्या नावाड्याला म्हणाले,
म्हसवडला घोंगडी विणणाऱ्या बाईला, तिच्या सुनेला वेगळं,
स्पितीतल्या एका आख्ख्या शाळेला.
पत्ते आहेत वहीत.
चांगल्या अक्षरात आहेत.

सर्जेराव चुलवाणापाशी बसला होता,
डाव्या हाताने चिपाडं आत सारत.
उजव्या बाहीला कोपराखाली गाठ.
"चरकात," गुळव्या म्हणाला,
आणि पुढच्या काहिलीतली मळी काढायला वळला.
मग पाठमोराच:
"त्या फोटूत दोन्ही असतील."

रात्री हार्ड डिस्क उघडली.
एकेचाळीस फ्रेम.
छापून आलेली पाठ होती मला:
चेहरा, वाफ, वाफेत कौलांतून उतरलेलं तिरपं ऊन.
एका बँकेने कॅलेंडरला घेतली, फेब्रुवारीला.
खाली लिहिलं, "गूळ, कोल्हापूर."
हात नव्हते त्यात.
खाली फार पसारा दिसतो
म्हणून मीच चौकट दंडावर थांबवली होती.
पुढचीतही दंडावर. त्याच्या पुढचीतही.
मी किती शिस्तीची आहे ते कळत गेलं.

सतरावी फक्त चुकलेली.
त्याचं लक्ष गेलंय माझ्याकडे,
तो हसतोय, आणि दोन्ही पंजे वर करून
बहुधा म्हणतोय, पुरे की आता.
चेहरा बरा. पंजे म्हणजे
वाफेत वाफेचेच दोन पुंजके.
नाकारलेली, लाल खूण केलेली.
पुसायची राहून गेली, एवढंच.

मंगळवार पेठेत पासपोर्ट फोटोंचं दुकान.
मालकाने चष्मा कपाळावर नेला.
"हा हललाय बघा. दुसरा द्या."
"हाच."
"पैसे वाया जातील तुमचे."
"मोठा काढा."

सर्जेरावाने फोटो मांडीवर घेतला,
हाताची राख आधी विजारीला पुसली.
बराच वेळ काही बोलला नाही.
काहिलीत रस चढत होता, कुणीतरी भेंडीचं पाणी ओतलं.
"हललाय की ओ."
मी सांगू लागले, उजेड कमी होता, वाफ होती,
शटरचा वेग...
"तसं न्हवं," तो म्हणाला. "हात हललाय.
फोटूत हललेला दिसतोय."
आणि भावाला हाक मारून दाखवलं,
जणू मी तिथं नव्हतेच.

मग तो फोटो वीजबिलाच्या खिळ्याला अडकवला,
बिलाच्या वरच्या बाजूने.
कॅमेरा मी बाहेर काढला नाही.
मासिकाला वाफ कालचीच पाठवली.

निघताना बाटलीभर काकवी दिली त्यांनी,
बूच म्हणून कणसाचा तुकडा.
निपाणीच्या पुढे कधीतरी ती बाटली आडवी झाली.
हुबळीला उतरले तेव्हा
बॅगेच्या सगळ्या चेनी चिकट,
वहीची पानं एकमेकांना धरून,
आणि पत्ते सोडवताना
एक एक मोठ्याने वाचावा लागला.