खरखर

रेव्हेसाईचा बाप भोपळ्याच्या काठाला झाकणं बांधतो,
सोड्याच्या बाटल्यांची, गंजकी,
एक तर चेपलेलं, म्होंडोरोच्या बसखाली सापडलेलं.
मधोमध भोक. तार. सैलसर.
घट्ट बसलं तर बोलत नाही, म्हणतो,
आणि मातीखालच्या कानांना
नुसता नितळ सूर कळत नाही.

म्बिराच्या लोखंडी पट्ट्यांवरून अंगठे निघतात
पाणी उताराला लागावं तसे.
सुरासुराला खरखर चिकटलेली,
अनवाणी पायाला धूळ असते तशी.

हरारेहून आलेल्या पोरानं सगळं टिपून नेलं.
रात्र-रात्र बसून, फार मायेनं,
खरखर तेवढी काढून टाकली.
सूर कसे घासून पालथे घातलेल्या भांड्यांसारखे.

म्हाताऱ्यानं फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं.
हात चांगला आहे, म्हणाला,
कोण हा?

मग बऱ्याच वेळानं:
याच्या घरातलं कुणी गेलेलं नाही वाटतं अजून.

पोरगा गप्प.
रेव्हेसाईनं नाचणीच्या बिअरचं मडकं पुढे सरकवलं.
बापानं म्बिरा भोपळ्यात बसवली.

दारातलं कुत्रं उठलं,
कुणाला तरी वाट दिल्यासारखं बाजूला झालं,
आणि पुन्हा तिथंच बसलं.